फर्राशाचा समुद्र

धुळाप्पा फर्राशानं आयुष्यात चारपाचशे वेळा तंबू ठोकला असेल, पण त्यात झोपला एकदाही नाही. निजामाच्या राज्यात साहेब दौऱ्यावर निघाला की त्याच्या एक मुक्काम पुढं धुळाप्पा निघायचा. बैलगाडीत राहुट्या, आडोशाच्या कनाती, मेखा, सतरंज्या आणि वर मेखा ठोकायची लाकडी मोगरी. साहेब घोड्यावरून उतरेपर्यंत माळावर घर उभं राहिलेलं असायचं. साहेब जेवायचा, घोरायचा, गावकऱ्यांवर ओरडायचा, की पुन्हा सगळं गुंडाळून पुढचा माळ. साहेब येत गेले आणि जात गेले. कुणी दाढीवाला, कुणी चष्मेवाला, एक तर असा की कोल्हा ओरडला तरी पहारेकऱ्याला शिव्या द्यायचा. मेखा मात्र त्याच राहिल्या आणि त्या ठोकणारा हातही तोच.

माणूस किडकिडीत, पण चालण्यात तोरा अव्वल तालुकदाराचा, म्हणजे कलेक्टराचा. इतकी वर्षं साहेबांच्या मागंपुढं करून त्यानं त्यांच्याकडून दोनच गोष्टी उचलल्या होत्या. सुपारी चघळताना उजवी भुवई वर करायची, आणि जे आपल्याला ठाऊक नाही त्यावर ठामपणे बोलायचं. पहिलीनं कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरीनं मात्र त्याला अठरा वर्षं सुखानं घास गिळू दिला नाही.

झालं होतं ते असं. अठरा वर्षांपूर्वी एका साहेबाला हवापालटासाठी समुद्रावर जायची लहर आली. तिकडं रत्नागिरीच्या बाजूला, वाळूत तंबू टाकून राहायचं. हुकूम सुटला, तंबू घ्या, खानसामा घ्या, फर्राश घ्या. धुळाप्पानं उस्मानाबादेतल्या अख्ख्या गल्लीचा निरोप घेतला, आई नागम्मानं त्याला ओवाळलं, आणि वरात निघाली ती बार्शीच्या वाटेवर हद्दीच्या नाक्यापर्यंत जाऊन थांबली. नाक्यापलीकडं इंग्रजाचा मुलूख. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या माणसांनी तंबूवरचा सरकारी शिक्का दाखवला आणि म्हणाले, सरकारी माल परवान्याशिवाय मुलखाबाहेर जात नसतो. साहेबानं घड्याळ काढलं. आगगाडीची वेळ होत आली होती. "तू इथंच थांब, माल सांभाळ," असं धुळाप्पाला सांगून तो खानसाम्याला घेऊन चालता झाला.

धुळाप्पा एका कडुलिंबाखाली तंबूच्या गाठोड्यावर पंधरा दिवस बसून राहिला. साहेब परत आला तो भाजल्या वांग्यासारखा होऊन. येताना खानसाम्यानं समुद्राचं जे जे वर्णन केलं ते धुळाप्पानं दोन्ही कानांनी ऐकलं. घरी पोचला तर आई दारातच उभी. "बघितलास का रं समुद्र?" तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांत एवढं काही होतं की धुळाप्पाच्या तोंडून निघून गेलं, "बघितला की."

त्याला वाटलं, आठ दिवसांत विसरेल म्हातारी. विसरते कसली! तिच्याजवळ ना शेत होतं, ना सोनं. नवरा लवकर गेलेला. मिरवायला तिला तोपर्यंत काहीच नव्हतं, आणि आता एकदम समुद्र मिळाला. दर सोमवारी महादेवाच्या देवळाच्या कट्ट्यावर बायका जमायच्या आणि नागम्मा त्यांना समुद्र सांगायची. पहिल्या वर्षी तो खानसाम्याच्याच मापाचा होता. निळा, खारट, दिवसातून दोनदा पुढं येऊन दोनदा मागं जाणारा. दुसऱ्या वर्षी त्याला आवाज आला, शंभर जाती एकदम फिरवल्यासारखा. पाचव्या वर्षी त्यात बैलाएवढे मासे पोहायला लागले. दहाव्या वर्षी तर तो साहेबाच्या खाटेपर्यंत आला आणि धुळाप्पानं मोगरी उगारून त्याला सुनावलं, "मागं सर, साहेब झोपलेत," आणि तो सरला.

हे शेवटचं धुळाप्पाला पानाच्या ठेल्यावर कळलं, तेव्हा त्याला ठसका लागून पान नाकात गेलं. पण बोलणार काय? मोगरी खोटी म्हणावी तर समुद्रही खोटा म्हणावा लागणार, आणि समुद्र खोटा म्हटला की चाळीस बायकांत आई तोंडघशी पडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसला. त्याला खरंच लाज वाटायची. आई देवळात निघाली की तो मुद्दाम परसात जाऊन जुन्या दोऱ्या वळत बसायचा.

पंचावन्न पुरी झाली आणि धुळाप्पा नोकरीतून मोकळा झाला. तिकडं जगभर लढाई चालू होती आणि इकडं कचेरीनं त्याला निरोपाला एक फाटकी, यादीतून बाद झालेली राहुटी दिली. शिक्का तेवढा तिच्यावर ठळक राहिला होता. त्यानं ती घरी आणून ठिगळं लावली, बायकोला, रुद्रम्माला म्हणाला, पावसाळ्यात सरपणावर टाकू. तेवढ्यात नागम्मा सोमवारचं देऊळ करून आली ती तणतणतच.

"ती दगडाबाई म्हणती, अठरा वरसं समुद्र सांगतीस, पर तू कवा बघितलास? चारचौघींत म्हणाली. धुळाप्पा, आता नोकरी न्हाय, राहुटी हाय. मला समुद्र दाव. डोळं मिटायच्या आत मला त्यो बघायचाय."

"अव्वा, लई लांब हाय," धुळाप्पा म्हणाला.

"तू जाऊन आलास न्हवं? मग वाट ठावं हाय की तुला."

धुळाप्पाला रत्नागिरीची वाट ठाऊक होती ती त्या लिंबापर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून घरात सहलीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. कुटुंब चौघांचं. धुळाप्पा, आई, बायको आणि उशिरा झालेली लेक चन्नम्मा, तेरा वर्षांची, शाळेत जाणारी आणि त्यामुळं प्रश्न विचारायची खोड लागलेली. बेत ठरला. बैलगाडीनं बार्शी, तिथून छोट्या आगगाडीनं मिरज, पुढं कोल्हापूर, मग मोटारीनं घाट उतरायचा. समुद्रावर आठ दिवस राहुटी टाकून राहायचं. तिकडची माणसं मासे खातात आणि आपण लिंगायत, जंगमाच्या पायाचं तीर्थ घेणारे, तेव्हा कुणाच्या घरी जेवणं नको. रुद्रम्मानं ज्वारीच्या कडक भाकरी थापायला घेतल्या. ती भाकरी महिनाभर टिकते आणि वेळ पडली तर कुत्र्याला मारायलाही चालते. शेंगांची चटणी झाली, सांडगे झाले.

"अवं, पाणी समदं खारट म्हणता, मग मिठाचं गाडगं कशाला न्यायचं?" रुद्रम्मानं विचारलं.

खानसामा याबद्दल काहीच बोलला नव्हता. धुळाप्पानं उजवी भुवई वर केली. "असू दे. सरकारी समुद्र हाय, भरवसा न्हाय."

नागम्मानं चौघांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचे दोरे नवे केले आणि प्रत्येकाला दोन दोन गाठी मारल्या. पाण्यात उतरताना लिंग निसटलं तर सातासमुद्रापार शोधायला जायचं कुणी? "मला ठावं हाय त्याचा स्वभाव," ती समुद्राबद्दल म्हणाली, जणू तो तिच्या भावकीतला होता.

धुळाप्पा हे सगळं सहन करत होता. एका दुपारी तो मेखा मोजत बसला असताना चन्नम्मा शेजारी येऊन टेकली.

"आप्पा, आपल्या मातीत मेख धरती. पर वाळूत कशी धरती?"

धुळाप्पाच्या हातातली मेख तशीच राहिली. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर मेख किती तिरकी घालायची, मुरमात किती ठोके, खडकावर दोरी कशाला बांधायची, हे त्याच्या तळपायांनाही कळायचं. पण वाळूत तंबू त्यानं कधीच टाकला नव्हता. अठरा वर्षांत हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. "लांब मेख लागती," तो पुटपुटला.

"लांब घातली तरी निघती. म्या नदीत बघितलंय घालून."

"पोत्यात वाळू भरायची," चुलीपासून नागम्मा म्हणाली, "दोरी पोत्याला बांधायची अन् पोतं वाळूत पुरायचं. आप्पाला काय विचारतीस, त्यो दमलाय. चार वरसांमागं बेंबळीच्या एका बाईनं हेच विचारलं व्हतं देवळात, तवाच म्या सांगितलंय."

धुळाप्पानं मेख खाली ठेवली. कुणाला दिसणार नाही असा तो ओढ्याच्या वाळूत गेला, दोन पोती भरली, पुरली आणि दोरी हिसडून बघितली. जागची हलेना. तीस वर्षं तंबू ठोकलेल्या फर्राशाला आईनं बसल्या जागी त्याचा धंदा शिकवला होता, आणि तोही कल्पनेनं. तो मुकाट्यानं पोती झटकून घरी आला.

आता त्याची एकच आशा उरली होती, नाका. राहुटीवर शिक्का आहे, परवाना मिळायचा नाही, नाक्यावरूनच परत फिरावं लागेल, आणि दोष सरकारचा. असा विचार केला की त्याला जेवण जायचं. तो घरात मधूनमधून म्हणायचाही, "नाक्यावर अडवत्यात बघा. लई कडक मानसं."

मार्गशीर्षाची अमावस्या आली. त्या दिवशी येळवस. अख्खं उस्मानाबाद कुलूप लावून शेतात जातं, कडब्याची कोप करून आत पूजा मांडतात, भज्जी खातात, आंबील पितात आणि झाडाखाली आडवे होतात. रुद्रम्माच्या भावाचं शेत बेंबळीला होतं. ठरलं असं की यंदा कोप नको, राहुटीच टाकू. सहलीची रंगीत तालीम होईल.

धुळाप्पानं मोगरी हातात घेतली आणि तो तीस वर्षं मागं गेला. तोंड पूर्वेला, दोऱ्या ताणलेल्या, बायकांसाठी बाजूनं कनात, दारात सतरंजी. घरच्यांसाठी जराशी तिरकी झाली तरी चालली असती, पण त्याच्या हाताला तिरकी येतच नव्हती. सगळं झाल्यावर आई, बायको आणि लेक आत जाऊन बसल्या. धुळाप्पाही आत जाणार होता. पण पाय दारातच थांबले, हात आपोआप पोटाशी जुळले आणि तो बाहेर उभा राहिला. ती सवयच पडली होती. आणि त्या सवयीनंच घोटाळा केला.

थंडीचे दिवस म्हणजे साहेबांच्या दौऱ्याचे दिवस. आजूबाजूच्या शेतांत आंबील पीत बसलेल्या लोकांनी पांढरी राहुटी बघितली, कनात बघितली, दारात हात जोडून उभा असलेला फर्राश बघितला, आणि त्यांचा घास घशातच अडकला. येळवशीच्या दिवशी दौरा! घटकाभरात समोर माणसं जमली. पोलीसपाटील फेटा बांधत पळत आला. एकानं बांधाच्या दगडाची तक्रार आणली, दुसऱ्यानं त्याच दगडाची उलटी तक्रार आणली. कुणीतरी दोन कोंबड्या उलट्या टांगून आणल्या. त्यांचा आवाज ऐकताच आतून नागम्मा ओरडली, "काढा ती पापं हितनं! आमी त्यातली न्हाय!" लोकांनी माना हलवल्या. लाच न खाणारा साहेब, म्हणजे भलताच कडक असणार.

धुळाप्पा सांगायला गेला की आत कुणी साहेब नाही, पण त्याच्या तोंडातून तीस वर्षांचं वाक्य बाहेर पडलं, "हळू बोला, एकेकानं या." मग तर गर्दी रांगेतच उभी राहिली.

त्या रांगेत एक नाक्यावरचा कारकून होता. बेंबळी त्याची सासुरवाडी. नोकरीचा शिक्का तो सासऱ्याला दाखवायला म्हणून बरोबर घेऊन फिरायचा. साहेबाच्या घरच्यांना सलाम केलेला बरा, असं ठरवून तो कनातीशी येऊन खाली मान घालून उभा राहिला. आत बायका, तेव्हा वर बघायचं नाही.

"आईसाहेब, या गुलामाला काही सेवा?"

"शेवा कसली?" आतून नागम्मा म्हणाली. "आमाला समुद्राला जायचंय, राहुटी संगं. नाक्यावर अडवत्यात म्हणं."

"कुणाची छाती आहे? आत्ता परवाना देतो. नाव काय लिहू?"

"माझ्या लेकाचं लिही. धुळाप्पा."

कारकुनानं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, धुळाप्पासाहेब, मातोश्री व कुटुंब, एक राहुटी मेखांसह, जाण्यास हरकत नाही. शिक्का उठवला आणि कागद कनातीखालून आत सरकवला. धुळाप्पा दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि आपली शेवटची आशा कनातीखालून जाताना बघत होता. नागम्मा मुळीच खोटं बोलली नव्हती. त्या घरात खोटं बोललेला माणूस एकच होता, आणि तो दारात हात जोडून उभा होता.

पौषात गाडी निघाली. धुळाप्पा वाट माहीत असलेला म्हणून पुढं, गाडीवानाच्या शेजारी. मागं राहुटी, भाकरीचं पोतं, मिठाचं गाडगं, वाळूसाठी रिकामी पोती आणि तिघी बायका. देवळातल्या बायका वेशीपर्यंत आल्या होत्या. दगडाबाईही आली होती. "म्हातारे, येताना बाटलीभर समुद्र आन," ती म्हणाली, "म्हंजी कळंल."

वाटभर नागम्मा चन्नम्माला समुद्र सांगत होती आणि धुळाप्पाच्या मनात एकच माणूस घोळत होता, गुंडाप्पा. अठरा वर्षांपूर्वी नाक्यावर पहाऱ्याला असलेला शिपाई. पंधरा दिवस दोघांनी एका चुलीवर भाकरी भाजली होती. मेला असेल, धुळाप्पा स्वतःला सांगायचा, निदान बदली तरी झाली असेल. चांगल्या माणसाचं मरण चिंतल्याबद्दल लगेच कानाला हातही लावायचा.

लिंब दिसला. चांगला फोफावला होता. त्याच्याजवळ रस्त्यावर आडवा बांबू, आणि बांबूशी स्टुलावर बसलेला, पांढऱ्या मिशांचा, धडधाकट गुंडाप्पा. धुळाप्पानं फेट्याचा शेमला तोंडावर ओढला. चन्नम्मानं परवाना पुढं केला. गुंडाप्पाला वाचता येत नव्हतं. त्यानं शिक्का बघून मान डोलावली. "नाव वाच गं पोरी."

"धुळाप्पासाहेब," चन्नम्मानं खणखणीत वाचलं.

"धुळाप्पा?" गुंडाप्पा उठला, गाडीजवळ आला आणि फेट्याचा शेमला खाली ओढला. "आरं, फर्राश! वळखलं न्हाईस? ह्याच लिंबाखाली पंधरा दिस तंबू राखत बसला व्हतास! साहेब तिकडं समुद्रात डुंबत व्हता अन् आमी दोघं हितं माश्या मारीत व्हतो!" आणि जुना दोस्त भेटल्याच्या आनंदात त्यानं धुळाप्पाच्या पाठीवर एक रट्टा घातला.

रुद्रम्मानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळेना. चन्नम्मा बापाकडं बघत होती. धुळाप्पा गाडीतून उतरला आणि आईसमोर उभा राहिला, हात पोटाशी जोडून, जसा आयुष्यभर राहुट्यांसमोर उभा राहिला होता तसा.

"अव्वा, म्या समुद्र बघितला न्हाय. तुला खोटं सांगितलं. त्या खानसाम्यानं सांगितलं तेच म्या तुला सांगितलं." "चल, परत जाऊ. देवळात म्या सांगतो समद्यांना, चूक माझी हाय."

नागम्मानं एकदा लिंबाकडं बघितलं.

"खानसाम्यानं काय सांगितलं व्हतं?" तिनं विचारलं.

"निळा हाय, खारट हाय, दिसातनं दोनदा येतो अन् जातो."

"यवढंच?"

"यवढंच."

"मग शंभर जात्यांचा आवाज? बैलायवढं मासं? पोती पुरायची, ते कुणी सांगितलं?"

"तूच, अव्वा."

म्हातारीनं पदर खोचला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सोमवारच्या कट्ट्यावरचाच होता. "अठरा वरसं समुद्र म्या संबाळला, अन् तू मला परत न्यायला निघालास व्हय रं? तुला ठावं न्हाय तर न्हाय. मला हाय. तू मागं बस. चल, म्या दावते तुला."

ती सरकत सरकत पुढं आली आणि गाडीवानाच्या शेजारी बसली. धुळाप्पा मागं चढला आणि राहुटीला पाठ टेकून बसला. गुंडाप्पानं बांबू वर उचलला, आणि गाडी बार्शीच्या बाजूला लागली.